पायलटचा ताण एआयने मोजायचाय, पण डेटा गोळा करण्यातच गाडी अडलीये

गोंधळलेला_कोडर
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो पण आता अडलोय म्हणून धागा काढतोय. मास्टर्सचा प्रोजेक्ट आहे, विषय असा की सिम्युलेटरमध्ये पायलट उडवत असताना त्याच्या अंगावरच्या सेन्सरमधून डेटा घ्यायचा आणि मॉडेलने सांगायचं की हा आत्ता ताणाखाली आहे की नाही. सेन्सर मिळालेत, छातीचा ईसीजी पट्टा, मनगटावरचा बँड ज्यात घामाचा आणि नाडीचा सेन्सर आहे, श्वासाचा पट्टा आणि डोळे ट्रॅक करणारा चष्मा. प्लॅन साधा आहे, एक साधं लँडिंग, एक खराब हवेतलं, एक इंजिन फेल झालेलं, पहिल्याला शांत म्हणायचं, बाकी दोघांना ताण म्हणायचं आणि मॉडेल ट्रेन करायचं. पेपरांमध्ये लोक ९७-९८ टक्के अॅक्युरसी दाखवतात, मग आपल्याला ९० तरी यायला हरकत नाही असं वाटतंय. तर प्रश्न असा की कोणतं मॉडेल घेऊ, रँडम फॉरेस्ट पुरेल की थेट डीप लर्निंगला हात घालू?

सिग्नलवाला
मॉडेलचं नंतर बघू रे, आधी सेन्सर कुठे लावणारेस ते सांग. घामाचा सेन्सर मनगटावर म्हणजे निम्मा सिग्नल तिथेच गेला. मानसिक ताणाचा घाम मुख्यतः तळहात आणि तळपाय इथे येतो, मनगटावर त्या ग्रंथी कमी. पण तळहाताला इलेक्ट्रोड लावले तर एक हात योकवर (विमान वळवायच्या दांड्यावर), दुसरा थ्रॉटलवर (इंजिनाच्या जोराच्या दांड्यावर), पकड घट्ट झाली की इलेक्ट्रोड दाबला जातो आणि तुला वाटतं ताण वाढला, प्रत्यक्षात त्याने फक्त मूठ आवळलेली असते. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे पायाच्या तळव्याची आतली कमान, मोज्याच्या आत. रडर पेडलवर जोर चवड्याचा आणि टाचेचा असतो, कमान त्यामानाने मोकळी राहते.

आणि हा सिग्नल उशिरा येतो. घटना घडल्यापासून साधारण एक ते तीन सेकंदांनी उसळी दिसते आणि खाली यायला त्याहून बराच वेळ लागतो, म्हणजे लागोपाठ तीन अलार्म वाजले तर तीन वेगळ्या उसळ्या न दिसता एकच डोंगर दिसणार.

नाडी मनगटावरून घेऊ नकोस, हात हलला की प्रकाशावर चालणारा सेन्सर गंडतो आणि लँडिंगला हात हलणारच. ईसीजी पट्टाच धर, २५० हर्ट्झच्या खाली नको. आणि प्रत्येक ठोका तपास. समज ठोक्यांमधलं अंतर ८०० मिलिसेकंद आहे, त्याचा आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांची एक प्रकारची सरासरी, जास्त म्हणजे माणूस निवांत) ४० आहे, आणि एका मिनिटाच्या खिडकीत सॉफ्टवेअरने एकच ठोका चुकवला. तिथे अंतर १६०० झालं, मागे-पुढे मिळून दोन फरक ८००-८०० चे, आणि ४० चा आकडा थेट १३५-१४० वर जातो. एका ठोक्याने! तुझं मॉडेल म्हणणार वा, काय निवांत माणूस आहे.

उजवी_सीट
फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे म्हणून दोन शब्द. हार्ट रेट वाढला म्हणजे ताण आणि ताण म्हणजे वाईट, हे समीकरण पहिल्यांदा डोक्यातून काढ. लँडिंगला सगळ्यांचाच वाढतो. आणि जो उडवतोय त्याचा वाढतो, शेजारी बसून बघणाऱ्याचा तेवढा नाही, विमान तेच, हवा तीच, धोका तोच तरी. हे फार जुनं निरीक्षण आहे.

१९६९ मध्ये चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँगचा हार्ट रेट १५० च्या आसपास होता. कॉम्प्युटर १२०२ चे अलार्म देतोय, खाली दगडधोंडे, इंधन संपत आलंय, आणि माणूस हाताने यान पुढे नेऊन नीट उतरवतोय. एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या पायलटांचे तर १४५ ते १८० जायचे. तुझ्या मॉडेलने या सगळ्यांना लाल दिवा दाखवला असता. मला विचारशील तर १५० वाल्यापेक्षा मला भीती वाटते ती त्याची ज्याचा ८० आहे आणि जो परिस्थिती बिघडलीये हे अजून बघतच नाहीये.

गोंधळलेला_कोडर
हे वाचून पोटात गोळा आला राव. म्हणजे मी जे मोजतोय तो नुसता कामाचा बोजा असू शकतो, ताण नाहीच? मग लेबल लावायचं तरी कशाच्या जोरावर? खराब हवा = ताण हे तर सगळेच करतात.

ओव्हरफिट_ताई
सगळे करतात आणि म्हणूनच सगळ्यांचे ९८ टक्के येतात.

आधी त्या ९८ चं गुपित सांगते. समज दहा पायलट आहेत, प्रत्येकाचा तासभराचा डेटा. त्याच्या तीस-तीस सेकंदांच्या, एकमेकींवर चढलेल्या खिडक्या पाडल्या आणि सगळ्या एका पोत्यात घालून ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला काढल्या. आता टेस्टमधली खिडकी आणि ट्रेनिंगमधली तिची शेजारीण यांचा अर्धा डेटा सारखाच आहे. मॉडेल ताण शिकतच नाही, ते माणूस ओळखायला शिकतं आणि घड्याळ ओळखायला शिकतं. त्यात खराब हवेचं लँडिंग प्रत्येकाला शेवटीच दिलेलं असतं, म्हणजे इलेक्ट्रोडचं जेल सुकलेलं, पाठ अवघडलेली, केबिन गरम झालेली, आणि मॉडेलला एवढंच कळतं की हा सत्राचा शेवट आहे.

त्यामुळे एक पूर्ण माणूस बाहेर ठेवायचा, बाकीच्यांवर शिकवायचं, त्याच्यावर तपासायचं, मग पुढचा माणूस बाहेर. आणि प्रसंगांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा. हे केलं की अॅक्युरसी कशी धाडकन खाली येते ते बघ, पण ती खरी असते.

दुसरं, लेबल. वेसॅड नावाचा २०१८ चा डेटासेट आहे, अर्ध्या जगाने वापरलाय. त्यात १५ माणसं, आणि ताण कसा दिलाय तर परीक्षकांसमोर भाषण कर आणि तोंडी वजाबाक्या कर. त्यावर शिकवलेलं मॉडेल कॉकपिटमध्ये चालेल असं धरणं म्हणजे पोहण्याची परीक्षा गाण्यावर घेणं.

त्याहून मजेशीर कॅगल या डेटा स्पर्धांच्या साइटवरची स्पर्धा, २०१८-१९ ची, विमान अपघातातले मृत्यू कमी करायचे हा हेतू. १८ खऱ्या पायलटांचा डेटा, मेंदूचे सिग्नल, ईसीजी, श्वास, घाम, सगळं २५६ हर्ट्झने. आता त्यात दचकण्याची अवस्था आणली कशी? भुताच्या सिनेमात अचानक दचकवतात तसल्या क्लिप्स दाखवून. एकाच गोष्टीत गुंतून राहण्याची अवस्था आणली कोड्यांचा व्हिडिओ गेम देऊन. हे सगळं सिम्युलेटरच्या बाहेर, आणि टेस्ट मात्र सिम्युलेटरमधल्या पूर्ण फ्लाइटवर. प्रश्न अगदी बरोबर विचारला होता त्यांनी, की प्रयोगशाळेतलं शिकलेलं उड्डाणात चालतं का. स्पर्धेतली लोकं मात्र दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर भांडत बसली, ते असो.

सिम_इन्स्ट्रक्टर
आत्ताच धागा वाचला. मी वीसेक वर्षं उजेड कमी असलेल्या त्या डब्यात पायलटांच्या मागे बसतोय, तर माझं मत देतो.

सिम्युलेटरमध्ये इंजिन फेल म्हणजे ताण, हे विसरा. पायलट सिम्युलेटरच्या दारात पाऊल टाकतो तेव्हाच त्याला माहीत असतं की आज टेकऑफला, व्ही-वनच्या (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडून देता येत नाही) आगेमागे, एक इंजिन जाणार. तो वाट बघत बसलेला असतो. इंजिन गेलं की उलट सुटल्यासारखं होतं, चला, आलं एकदाचं. तुमच्या आलेखात टेकऑफच्या आधीच हार्ट रेट चढलेला दिसेल आणि बिघाड झाल्यावर हळूहळू उतरताना दिसेल. आणि चढलेला असेल तो बिघाडाच्या भीतीने नव्हे, माझ्या भीतीने. मागे बसलेला माणूस फॉर्म भरतोय याचा ताण सगळ्यात जास्त, हे लिहून घ्या.

खरा ताण आणायचा असेल तर जिथे अपेक्षा नाही तिथे काहीतरी बारीक द्या. क्रूझमध्ये सगळं शांत, आणि दोन स्पीड इंडिकेटर एकमेकांशी पटेनासे होतात, दहा नॉटचा फरक, मग पंधरा. आग नाही, घंटा नाही. तेव्हा माणूस कसा दिसतो ते बघा. बोलणं थांबतं. ठरलेला कॉलआउट गळतो. शेजारच्याने काही विचारलं तर ‘हां हां’ येतं पण उत्तर येत नाही. एका हाताचं बोट ट्रिमच्या स्विचवर नुसतं टेकलेलं, दाबत नाही, सोडत नाही, आणि नजर एका डायलवर खिळलेली. हे मला मागून दिसतं, सेन्सर लागत नाही. पण मला ते दिसायला दहा सेकंद लागतात आणि एका वेळी एकाच पायलटकडे बघता येतं, इथे तुमच्या यंत्राने मदत केली तर हवीच आहे.

म्हणजे लेबल लावायचंच असेल तर प्रसंगाला लावू नका, वागण्याला लावा. इन्स्ट्रक्टरला एक बटण द्या, त्याला माणूस अडकलेला वाटला की दाबेल. दोन इन्स्ट्रक्टर ठेवा, एकमेकांचं बटण त्यांना दिसू देऊ नका.

सिग्नलवाला
सर, बटणाची आयडिया झकास. फक्त बटण, सिम्युलेटरचा लॉग आणि सेन्सर या तिघांची घड्याळं जुळलेली हवीत. प्रत्येक डब्याचं घड्याळ वेगळ्या गतीने सरकतं, तासाभरात चांगलाच फरक पडतो. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे एक सामायिक खूण सोडा, म्हणजे मधलं सरळ रेषेने जुळवता येतं. नुसती सुरुवातीला सोडली तर घसरण कळतच नाही.

अजून एक राहिलं, डोळे. बाहुली मोठी झाली म्हणजे डोक्यावर भार आला हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे, खरंही आहे, पण विचाराने बाहुली वाढते अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर आणि उजेडाने दोनपासून आठ मिलिमीटरपर्यंत हलते. ढगातून बाहेर आलं, रनवेचे दिवे दिसले, संपलं. बाहुलीचा नाद सोड, नजर कुठे किती वेळ थांबते तेवढं घे, सर म्हणतात ते खिळणं त्यात छान पकडता येईल.

एक_वैद्य
श्वासाबद्दल कोणी बोललंच नाही. हृदयाच्या ठोक्यांच्या अंतरातला चढउतार, म्हणजे एचआरव्ही, मोठ्या प्रमाणात श्वासामुळे असतो. पायलट रेडिओवर बोलतो तेव्हा श्वास तुटतो, लांबतो, आणि तुमचे सगळे एचआरव्हीचे आकडे हलतात, त्याला ताण आलेला नसतानाही. तेव्हा माइकचं बटण कधी दाबलं होतं ते पण लॉग करा.

आणि तो एलएफ-एचएफचा (त्या चढउतारातल्या संथ आणि जलद लहरींच्या पट्ट्यांचा) भागाकार कृपया वापरू नका, ‘सिम्पथेटिक-पॅरासिम्पथेटिक (शरीराला चेतवणाऱ्या आणि शांत करणाऱ्या नसांचं) संतुलन’ म्हणून तो अजून छापून येतो पण त्या अर्थावर बरीच वर्षं टीका होतेय. साधं उदाहरण, वरचा (एचएफ) पट्टा ०.१५ हर्ट्झला सुरू होतो म्हणजे मिनिटाला ९ श्वास. एखाद्याने मुद्दाम मिनिटाला ६ श्वास घेऊन स्वतःला शांत केलं तर त्याच्या श्वासाचा सगळा परिणाम खालच्या पट्ट्यात पडतो, भागाकार फुगतो आणि यंत्र म्हणतं हा घाबरलाय. ज्याला ताण हाताळता येतो त्यालाच तुम्ही नापास करणार!

शिवाय १९९६ पासून एचआरव्हीच्या छोट्या रेकॉर्डिंगचं प्रमाण पाच मिनिटांचं आहे, तुम्ही तीस सेकंदांत मोजताय. आरएमएसएसडी छोट्या खिडकीत त्यातल्या त्यात टिकतो, बाकीचे आकडे तेवढ्यात कुचकामी. लाळेतलं कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) घेणार असाल तर ते ताणानंतर वीस-तीस मिनिटांनी शिखरावर जातं आणि सकाळी मुळातच जास्त असतं, म्हणजे सकाळचे आणि संध्याकाळचे पायलट एका तराजूत घालू नका. कॉफी, तंबाखू, आदल्या रात्रीची झोप, चालू गोळ्या हे सगळं विचारून लिहून ठेवा. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी गोळी) घेणाऱ्याचा हार्ट रेट तुम्हाला काहीच सांगणार नाही.

शेवटचा प्रश्न मात्र तुमच्या गाइडला विचारा. तुम्ही १०-१५ पायलटांचे तासतासभर ईसीजी घेणार. त्यात एखाद्याचे ठोके अनियमित दिसले तर काय करणार?

उजवी_सीट
वैद्यबुवांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. हाच तो प्रश्न ज्याच्यामुळे माझे निम्मे सहकारी तुझ्या प्रयोगाला येणार नाहीत. आमचं लायसन्स मेडिकलवर टांगलेलं असतं. तुझ्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये माझ्या हृदयाचा विचित्र आलेख पडून राहिला, उद्या कोणीतरी तो उघडला, तर माझी नोकरी जाऊ शकते, आणि मी तर फुकट मदत करायला आलो होतो.

आणि ही नुसती भीती नाहीये. २०१५ च्या जर्मनविंग्ज अपघातात को-पायलटने आजार लपवला होता, १५० माणसं गेली. त्यानंतर युरोपने नोकरीआधी मानसिक तपासणी आणली, पण सोबत पायलटांनी पायलटांना आधार द्यायची यंत्रणाही सक्तीची केली, कारण नुसती तपासणी वाढवली की लपवणं वाढतं हे त्यांनाही कळलं. विमानाचा उड्डाण डेटा आम्ही वर्षानुवर्षं बघू देतो, का? तर तो शिक्षेसाठी वापरायचा नाही हे ठरलेलं आहे म्हणून. कॉकपिटच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगलाही संरक्षण आहे. माझ्या घामाला कुठलं संरक्षण आहे ते दाखव, मग पायातला मोजा काढतो.

टीकाकार_क्र_१
मी जरा वाकडं बोलतो. समजा सगळं जमलं, सेन्सर, लेबल, परवानग्या. मग काय, कॉकपिटमध्ये दिवा लावणार ‘तुम्ही ताणात आहात’? २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये स्टॉलची (पंखांची उचल संपल्याची) वॉर्निंग सलग ५४ सेकंद वाजत होती, तरी विमान स्टॉलमधून बाहेर काढलं गेलं नाही, २२८ लोक गेले. ताणाखाली माणसाला घंटा ऐकूच येत नाही यावर प्रयोग झालेत. त्याला आणखी एक घंटा?

आणि हिशोब करा. समजा यंत्र ९५ टक्के वेळा खरा ताण पकडतं आणि शांत माणसाला ९५ टक्के वेळा शांत म्हणतं, लई भारी यंत्र. उड्डाणाच्या दहा हजार खिडक्यांमध्ये खरा घातक ताण समजा शंभरात. ९५ पकडले. उरलेल्या ९९०० मधल्या ५ टक्के म्हणजे ४९५ वेळा खोटी हाळी. एकूण ५९० हाका, त्यातल्या ९५ खऱ्या, म्हणजे सहात एक. तिसऱ्या दिवशी पायलट त्यावर टोपी ठेवेल.

ओव्हरफिट_ताई
गणित बरोबर, +१. पण म्हणूनच लाइव्ह वापर नको आणि सरांसारख्यांच्या ट्रेनिंगनंतरच्या चर्चेत हवा. तिथे सहात एक खरी असली तरी चालतं, इन्स्ट्रक्टर रेकॉर्डिंग मागे नेऊन बघतो, काही नसेल तर पुढे जातो. दहा सेकंद गेले, बस.

अवांतर: युरोपच्या एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी शरीराच्या खुणांवरून भावना ओळखायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून. सुरक्षेच्या नावाखाली कंपन्या काय काय आत ढकलतील यावर वेगळा धागा निघेल.

गोंधळलेला_कोडर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. गाइडशी बोललो, आता बेत असा. ताण हा शब्द शीर्षकातून काढला, आता फक्त ‘माणूस एका गोष्टीत अडकलाय का’ एवढंच ओळखायचं. लेबल दोन इन्स्ट्रक्टरच्या बटणावरून, आणि सत्र संपल्यावर पायलटसोबत रेकॉर्डिंग बघून त्याचं स्वतःचं मत. नासा-टीएलएक्सचा फॉर्म पण प्रत्येक प्रसंगानंतर भरून घेणार, पण तो कामाच्या बोज्यासाठी, लेबल म्हणून नाही. सेन्सर तीनच, ईसीजी, श्वास, नजर, घामाचा पायात लावून बघू. प्रत्येकाची आधी पाच मिनिटं शांत बसलेली आणि पाच मिनिटं सरळ उडवत असलेली नोंद घेऊन आकडे त्याच्याच तुलनेत मांडायचे.

ईसीजीबद्दल गाइड म्हणाले की कच्चा आलेख ठेवायचाच नाही, ठोक्यांमधली अंतरं काढून मूळ फाइल त्याच दिवशी पुसायची, आणि नाव-नंबरची यादी आमच्याकडे नाही, पायलटकडेच. @उजवी_सीट, एवढ्यावर याल का?

एक_वैद्य
अंतरांवरूनसुद्धा अनियमित ठोके ओळखता येतात हो, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडण्याचा आजार) तर तसंच पकडतात. मूळ फाइल पुसून प्रश्न सुटत नाही. संमतीपत्रात आधीच विचारा की काही दिसलं तर तुम्हाला, फक्त तुम्हाला, सांगू का? हो किंवा नाही, त्यांनी ठरवायचं. आणि ते दिसलंय की नाही हे बघणारा एक डॉक्टर ठेवा, विद्यार्थ्याने हृदयाचं निदान करू नये.

सिग्नलवाला
आणि मूळ फाइल पुसलीस तर मी वर सांगितलेला चुकलेला ठोका तपासणार कशावरून? निदान ठोके हाताने तपासून होईपर्यंत ठेव.

उजवी_सीट
तपासून झाल्यावर माझ्यासमोर पुसणार असशील तर येतो. ‘नाही’वर खूण करणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, माझं मेडिकल पुढच्या महिन्यात आहे.

सिम_इन्स्ट्रक्टर
कोडरभाऊ, एक अट माझीपण. ज्या पायलटांची मी वार्षिक तपासणी घेतो त्यांच्या सत्रात बटण माझ्या हातात देऊ नका. दुसरा माणूस शोधा, नाहीतर तुम्ही पुन्हा माझी भीतीच मोजाल.